थंडीची तालीम

मे महिन्यात, उदगीरला,
शहाबुद्दीनचाचांच्या बर्फ कारखान्यात
आम्ही थंडी शिकायला जायचो.
मी आणि मन्मथ. बीएस्सी, दुसरं वर्ष.
बाहेर बेचाळीस, चपलेला धरून ठेवणारं डांबर,
आत लाद्यांच्या खोलीत अमोनियाचा उग्र वास
आणि भिंतीवरून उतरणारा पांढरा धूर.
बिराजदार सर दारात स्टूल टाकून घड्याळ लावत.
"बोलायचं नाही. नाकानं श्वास."
चाचा गोणपाट झटकत विचारायचे,
"सर, लेकरं हाइत का पापलेट?"

माझी मजल बारा मिनिटांची.
मन्मथ एकदा तेवीस मिनिटं बसला.
बाहेर आला तेव्हा भुवयांवर दव होतं,
आणि उन्हात उभा राहून तो हसला,
दात वाजत असताना माणूस हसतो तसा, अर्धा.

निवड दोघांची झाली. व्हिसा एकाचा आला.
त्याच्या कागदावर कारणापुढे नुसती एक खूण.
त्यानं आपले लोकरी मोजे मला दिले,
टाचेशी उसवलेले, म्हणाला,
"काय आणू नकोस. तिथला आवाज आण.
बर्फाचा आवाज कसा असतो बघायचंय."
आवाज बघायचंय, म्हणाला.
मी सुधारलं नाही.

चार विमानं. शेवटचं आपल्या एसटीएवढं,
निम्म्यात माणसं, निम्म्यात दूध, टायर, डायपर.
उतरले तर कुठेच जाणारा रस्ता नाही.
शेवटच्या घरानंतर समुद्र,
तोही जागच्या जागी थांबलेला.
आम्ही चौदा विद्यार्थी बर्फाची जाडी मोजायला आलेलो,
नळ्या, पट्ट्या, जाड पुठ्ठ्याच्या वह्या.
गावाला ती बुटाच्या टाचेनं कळत होती.

जिच्याकडे उतरले होते त्या एलिसापीच्या टेबलावर
मी आईचा धपाटा ठेवला.
टक्क वाजला, पाटीसारखा.
तिनं हसत एक गोठलेला मासा आणून आपटला.
तोही टक्क.
धपाटा तिनं शेगडीवर शेकून खाल्ला, तिळांपाशी थांबत.
आमच्या घरात अंडंही शिजत नाही.
मी माशाची एक पातळ चकती जिभेवर ठेवली.
घरी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, टूं टूं टूं,
मागे येणाऱ्या गाडीचा तो बारीक हॉर्न,
आणि मी हातमोजे न घालताच दारात.
पाण्याचा टँकर होता.
जमीन बारमाही गोठलेली, नळ पुरणार कुठे?
घरोघरी टाकी, घरोघरी पाईप.
वादळ आलं तर चार-चार दिवस येत नाही, एलिसापी म्हणाली,
मग भांडी आधी, अंघोळ मागाहून.
"घागरी," मी म्हणाले, मराठीतच.
तिनं मान हलवली, कळल्यासारखी.
क्षितिजापर्यंत नुसतं पाणीच पडलं होतं, टणक,
आणि अख्खी गल्ली टँकरची वाट बघत होती.
ड्रायव्हरनं माझ्या उघड्या बोटांकडे बघून
आपला एक हातमोजा फेकला.
मी फोन पुढे धरला.

आता मन्मथ कारखान्याचा हिशोब बघतो.
लाद्यांवर बसून त्यानं सगळे आवाज ऐकले:
बुटाखालचा बर्फ, कोऱ्या चामड्यासारखा कुरकुरणारा,
हं, म्हणाला.
रात्री भरतीनं समुद्राचं कवच कण्हतं, ते,
तेव्हा डोळे मिटले.
मग टूं टूं टूं.
तो उठून दारातून रस्त्याकडे बघायला लागला.
समोरच्या गल्लीत दोघीजणी घागरी घेऊन बाहेर आल्या,
पाठोपाठ तिसरी, पदराला हात पुसत,
"कुटाय गं? कुटं थांबलाय?"

रस्ता रिकामा.
मन्मथनं माझ्याकडे बघितलं, तो अर्धा हसला.
त्या तिघी उन्हाला हात आडवा धरून उभ्या.
त्यांना काय सांगायचं
आमच्यापैकी कुणालाच सुचेना.
"परत लाव," तो हळूच म्हणाला.

आतून चाचा ओरडले,
"दार लावा रं, लाद्या पाघळायल्यात!"